अडलं का?

आमच्या साखर कारखान्याच्या स्टोअरच्या खिडकीशी कुणीही जाऊन उभं राहिलं, की आतून एकच प्रश्न यायचा, "अडलं का?"

नमस्कार नाही, चमत्कार नाही. मिलवरचा फिटर धापा टाकत आलेला असो नाहीतर खुद्द इंजिनियर साहेब असोत, समोरचा माणूस "अडलंय नाना" असं तोंडानं म्हणत नाही तोवर गहिनीनाना जागचे हलत नसत. एकदा हेड क्लार्कांच्या घरची बाई सत्यनारायणाच्या प्रसादाची वाटी घेऊन खिडकीशी आली. आतून आलं, "अडलं का?" ती म्हणाली, "अडलं काही नाही, प्रसाद आणलाय." "मंग ठिवा तितं," म्हणून नानांनी पाठ फिरवली. संध्याकाळी त्या वाटीला मुंग्या लागलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

पूर्ण नाव गहिनीनाथ. माणूस जामखेडकडचा. अंगानं बारका, खाकी सदरा, करदोट्याला बांधलेला किल्ल्यांचा जुडगा आणि कानावर पेन्सिल. त्या पेन्सिलीनं त्यांनी कधी एक अक्षर लिहिल्याचं मला आठवत नाही. लिहिणं हा त्यांच्या मते धोक्याचा प्रकार होता. तो का, ते पुढं येईलच.

स्टोअर म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. दारापासून पार मागच्या भिंतीपर्यंत एकामागे एक आठ मांडण्या. कारखान्यानं त्यांवर एक ते आठ आकडे ठसठशीत रंगवले होते, पण नानांना ते आकडे दिसतच नसत. त्यांनी मांडण्यांना गावांची नावं दिली होती. राहुरी, नगर, भिंगार, चिचोंडी, कडा, आष्टी, जामखेड. आठवी, अगदी कोपऱ्यातली, तिचं नाव नुसतं वाडी.

"पंपाचं पॅकिंग व्हय? कड्याला हाय."

"दोन इंची व्हॉल्व्ह? बसा जरा, आष्टीला जाऊन येतो."

फिटर लोक डोक्याला हात लावायचे. त्यातून एखाद्या हुशार गड्यानं लक्षात ठेवलंच की बेअरिंगं आष्टीला असतात, तर नानांना त्याचा सुगावा लागायचा आणि दुसऱ्या दिवशी बेअरिंगांचा मुक्काम हललेला असायचा. कुठली वस्तू कुठल्या गावी उतरली आहे हे अवघ्या कारखान्यात एकाच डोक्याला ठाऊक होतं, आणि ते डोकं हंगामी होतं.

हंगामी म्हणजे काय, हे ज्यांनी साखर कारखाना जवळून पाहिलेला नाही त्यांना सांगायला हवं. ऊस गाळायचा तो पाच-सहा महिने. बॉयलर पेटला की हंगामी माणसांना बोलावणं यायचं आणि गाळप संपलं की त्यांनी घरी जायचं. पुढच्या वर्षी बोलावणं येईल, न येईल. कायम माणसाला बारा महिने काम आणि वर कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर. मी एकाहत्तर साली स्टोअरला क्लार्क म्हणून लागलो तो हंगामीच. संगमनेरकडचा, मॅट्रिक पास, अक्षर बरं, एवढंच माझं भांडवल. पहिल्याच आठवड्यात नानांनी मला आत बोलावून घेतलं.

"भाऊसाहेब, तुमी हंगामी?"

"हो."

"मीबी. धावा हंगाम हाय माजा." त्यांनी हे असं सांगितलं, की मला वाटलं आता पेढा देतात. "नोकरी टिकवायची तर दोन गोष्टी ध्यानात ठिवा. एक, साहेबाच्या नजरंसमोर ऱ्हायाचं. नजरंआड झालं की यादीतनं बी आड. आन् दुसरी, आपल्याबिगर अडलं पायजे. काम काय, कुनीबी करतंय. अडायला आपुन पायजे."

दोन्ही गोष्टी ते स्वतः कडक पाळायचे. गाळप संपल्यावर बाकीचे हंगामी बोचकी बांधून गावी जायचे, नाना जायचे नाहीत. यंत्रं खोलून साफ करायच्या कामाला, ज्याला सगळे ओव्हरऑइलिंग म्हणत, ते रोजंदारीवर थांबायचे आणि स्टोअरच्या ओसरीत झोपायचे. गावी जायचं ते वर्षातून एकदा, आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन दिवस. एका वर्षी गाळप लांबलं आणि आखितीला मिल बंद पडली. काही सापडेना, तेव्हा कारखान्याची जीप थेट वाडीला त्यांना आणायला गेली. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून किमान वीस वेळा ऐकली आहे.

"ताटावर बसल्यालो. पुरनाची पोळी, वर तूप. आन् दारात जीप! आख्खी वाडी गोळा झाली. साहेबांचा डायवर म्हनला, नाना, अडलंय. तसाच उठलो, हात बी धड धुतला न्हाई."

"आणि पोळी?" मी विचारलं.

"पोळीचं काय घिऊन बसलाव!"

बायको वाडीला असायची. पारूबाई. नानांची म्हातारी आई होती तोवर तिच्यासाठी, आणि आई गेल्यावर नाना अजून कायम झाले नव्हते म्हणून. मूलबाळ नव्हतं. दर महिन्याला नाना एक कार्ड पाठवायचे, तेही स्वतः न लिहिता माझ्याकडून लिहून घ्यायचे. मजकूर ठरलेला. मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असा, यंदा कायम होणार हे नक्की, मग क्वार्टर मिळेल, क्वार्टराला नळ आहे. नळाचं वाक्य मी एकदा जागा पुरेना म्हणून गाळलं, तर वाचून दाखवताना त्यांनी ते पकडलं आणि दुसरं कार्ड लिहायला लावलं. "तिचा जलम हंड्याखाली गेला भाऊसाहेब. ते वाक्य पयलं लिवा, खुशालीचं ऱ्हायलं तरी चालंल."

कॉलनीतल्या शेवटच्या ओळीतलं टोकाचं क्वार्टर बरीच वर्षं रिकामं होतं. नानांनी त्याच्या मागं शेवगा लावला होता. मालक कोण, परवानगी कुणाची, काही नाही. दुपारच्या सुट्टीत हा माणूस डबा हातात घेऊन तिकडं जायचा, बंद दाराच्या पायरीवर बसून भाकरी खायचा आणि हात शेवग्याच्या बुडाशी धुवायचा. कुणी हटकलं तर म्हणायचा, "दरवाजा शाबूत हाय का बगाय आल्तो."

बहात्तर साली पाऊस पडलाच नाही. कालव्याच्या पट्ट्यातला ऊससुद्धा उभ्याउभ्या वाळला आणि लोकांनी जनावरांना तोडून घातला. हंगाम कसाबसा सुरू झाला, पण गव्हाणीत, म्हणजे उसाच्या मोळ्या मिलकडे ओढून नेणाऱ्या पट्ट्यावर, निम्मी जागा मोकळीच दिसायची. माणसं कमी होणार अशी बोलवा सुरू झाली. त्याच सुमाराला नवे इंजिनियर साहेब आले. तरुण, बोलायला मऊ, पण कागदाचे पक्के.

साहेब येऊन पंधरा दिवस झाले असतील. दुपारी मिल थांबली. मिल चालू असताना तिचा आवाज कुणाच्या कानात शिरत नाही, थांबली की घराघरातल्या बायका दारात येतात. गव्हाणीच्या साखळीची पिन तुटली होती. फिटर खिडकीशी धावत आला, तर आतून "अडलं का" आलंच नाही. नाना नव्हते. मी आठही गावं पालथी घातली. पिन कुठल्याच गावाला दिसेना. माणसं दाही दिशांना पळाली, आणि तास-दीड तासानं नाना सापडले ते शेवग्याला आपल्या आंघोळीचं साठवलेलं पाणी घालताना. येऊन त्यांनी चिचोंडीच्या एका डब्याच्या तळातून पिन काढून दिली. मिल थांबल्याचं त्यांना पायरीवर ऐकू आलं होतं. मग लगेच का नाही आलात असं मी नंतर विचारलं, तर खाली बघून म्हणाले, "म्हनलं, नव्या साहेबाला बी जरा कळू द्या."

साहेबांना कळलं ते वेगळंच. संध्याकाळी ते स्वतः स्टोअरमध्ये आले. आवाज चढवला नाही.

"नाना, उद्या तुम्ही आजारी पडलात तर कारखान्यानं काय करायचं?"

नाना खूश झाले. दहा वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली तो आला होता. "तेच तर मी म्हनतोय साहेब. अडनार."

"अडून चालणार नाही. कुठली वस्तू कुठं आहे, सगळं यादीवर आलं पाहिजे. यादी झाली तर तुम्हाला कायम करायची शिफारस मी करतो. नाही झाली, तर यंदा कमी करायच्या माणसांत पहिलं नाव तुमचं. हे भाऊसाहेब लिहितील, तुम्ही सांगा."

ते गेले. नाना बराच वेळ किल्ल्यांच्या जुडग्याशी चाळा करत बसले.

"भाऊसाहेब, यादी दिली तर माज्यापाशी काय ऱ्हातंय?"

"न दिली तर नोकरी जातेय, नाना."

"आन् दिल्यावर साहेब फिरला म्हंजी?"

 मनातून मला लाज वाटत होती. यादी माझ्या अक्षरात होणार होती, आणि ती झाल्यावर स्टोअर चालवायला एक मॅट्रिक पास क्लार्क पुरेसा होता, हे नानांना कळत होतं तसं मलाही कळत होतं. घरी माझी बायको नुकतीच नांदायला आलेली. पुढच्या बोलावण्याच्या यादीत माझं नाव वर असावं असं मला वाटत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. दोन दिवस नानांनी डबा उघडला नाही. खिडकीतून "अडलं का" ऐवजी नुसतं "काय?" यायला लागलं, आणि फिटर लोक मला येऊन हळूच विचारायचे, नानांना बरं नाही का?

तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्टोअरच्या दारात उभे राहिले. डोळे मिटले आणि म्हणाले, "लिवा."

चार दिवस लिहीत होतो. ते दारापासून निघाले, राहुरी झाली, नगर झालं. डोळे मिटूनच सांगायचे, आणि मी प्रत्येक गावापुढं मांडणीचा नंबर टाकायचो. "भिंगार. डाव्या अंगाला, खालून दुसरी फळी, अर्ध्या इंची नट, दोन डबं. त्याच्या मागं पट्ट्याचं चामडं, उंदरानं कोपरा खाल्ल्याला हाय, तेबी लिवा." मी जाऊन बघायचो, तर उंदरानं कोपरा खाल्लेला असायचा. जामखेडची शेवटची फळी संपली, तेव्हा आठव्या मांडणीपुढं ते थांबले.

"आणि वाडीला काय लिहू?"

"तितं कारखान्याचं काय न्हाई. ती जागा ऱ्हाऊ द्या मोकळी."

मी "वाडी" एवढंच लिहून पुढचा रकाना कोरा सोडला.

साहेब फिरले नाहीत. गाळप फेब्रुवारीतच संपलं, बरीच माणसं कमी झाली, माझीही घरी जायची तयारी होती. पण यादी मांडणाऱ्याला काढून कसं चालेल म्हणून साहेबांनी मला ओव्हरऑइलिंगला ठेवून घेतलं. ते कसं झालं हे मला आजही नीट सांगता येत नाही, पण आधी नाना माझ्यासाठी त्यांच्याकडे जाऊन आले होते, असं हेड क्लार्कांनी मला नंतर सांगितलं. आणि नानांच्या हातात कायमची ऑर्डर आली. ती त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. "कायम" हा शब्द आला की हात वर करून मला थांबवायचे, आणि थोड्या वेळानं म्हणायचे, "हं, म्होरं." क्वार्टर तेच मिळालं, टोकाचं.

"भाऊसाहेब, मंडळीला आनाय जायाचं. तुमी चला संगं. ऑर्डर वाचून दावाय कुनीतरी पायजे."

निघताना वाडीच्या मांडणीतून त्यांनी तोंड बांधलेलं एक पोतं काढलं आणि खांद्यावर घेतलं. मला हात लावू दिला नाही.

मी त्या रस्त्यानं कधी गेलो नव्हतो. राहुरीवरून नगरला आलो, तिथं जामखेडची गाडी धरली. भिंगार मागं पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती काळी-तांबडी उघडी रानं, झाडावर पान नाही. कंडक्टरनं घंटी मारली आणि ओरडला, "चिचोंडीऽ!" पुढं म्हणाला, "कडाऽ, कडावाले या पुढं!" मग आष्टी आली.  मी नानांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते, कंडक्टरच्या आधी त्यांचे ओठ हलत होते.

दारापासून कोपऱ्यापर्यंत आठ मांडण्या. राहुरी ते वाडी. फिटर लोक ज्याला येडेपणा म्हणत होते तो घरचा रस्ता होता. कुणाचं काही अडलं की हा माणूस "जाऊन येतो" म्हणून उठायचा आणि रोज दहा-दहा वेळा घराच्या दिशेनं चालत जायचा. नट, बोल्ट, व्हॉल्व्ह हातात घेऊन परत फिरायचा. मला त्या गाडीत फार वाईट वाटलं.

जामखेडहून वाडी दोन कोस. चालत पोचलो तर घराला कुलूप. शेजारच्या म्हातारीनं हात केला, "तळ्यावर हाय." गावाबाहेर दुष्काळी काम चाललं होतं, पाझर तलावाचं. शे-दीडशे बाया-माणसं माती उपसत होती, एका अंगाला बाया खडी फोडत होत्या. त्यांच्यामधून एक उंच, काळीसावळी बाई पदर खोचून आमच्याकडे चालत आली. नानांना बघून तिचा चेहरा उतरला.

"अवो, काय झालं? कोन आजारी हाय का?"

आखिती सोडून नवरा आला म्हणजे काहीतरी वाईटच झालं असणार, असं तिला वाटलं.

बाभळीखाली बसून मी ऑर्डर वाचली. "कायम" आलं तिथं आपण होऊन थांबलो. पारूबाईंनी पदर तोंडाला लावला. "लई बेस झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच आनंद झाला होता. नाना म्हणाले, "उद्याच्या सकाळच्या गाडीनं निगू." त्यांनी वळून खडीच्या ढिगांकडे पाहिलं.

तेवढ्यात एक पोरगेली बाई पळत आली. नानांच्या तोंडातून सवयीनं गेलंच, "अडलं का?"

"अडलंय म्हून तर आले," ती म्हणाली. "पारूअक्का, मापवाला आलाय. आमचा ढीग कमी धरतोय. लवकर चला."

पारूबाई उठून गेल्या. आम्ही बाभळीखालून बघत होतो. माप घेणारा माणूस पट्टी धरून काहीतरी सांगत होता, आणि चाळीसेक बाया पारूबाईंच्या मागं गप उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी त्याच्या हातातली पट्टी घेतली, स्वतः ढिगावर आडवी-उभी धरली, एकेक बाईचं नाव घेऊन तिचा ढीग दाखवला. मापवाल्यानं मान हलवून लिहून घेतलं. मग कुणाचं तान्हं पोर त्यांच्याकडे आलं, कुणाची बोथट झालेली हातोडी आली, मजुरांना खायला मिळणारी सुकडी वाटायची पाटी आली. दर थोड्या वेळानं कुणीतरी "पारूअक्का" म्हणून हाक मारत होतं. नाना एकटक बघत होते. तो कामातला तोरा मी रोज स्टोअरच्या खिडकीत बघत आलो होतो.

दुपारी घरी भाकरी खाताना त्या बोलल्या.

"आता कशी येऊ वो? मी न्हाई तर बायांचं माप हानत्यात. टोळी अडंल."

नानांनी हातातला तुकडा ताटात ठेवला.

"पयल्या दोन वर्सी बोचकं बांधून ठिवल्यालं हुतं मी. तुमचं कारड आलं की सोडायची आन् पुन्यांदा बांधायची. मंग त्यातलं लुगडं लागाय लागलं, भांडं लागाय लागलं. सोडलं ते सोडलंच." त्या हसल्या. "आन् त्या आखितीला तुमचं ताट तसंच ठिवलं हुतं सांजच्यापातुर. म्हनलं, जीप फिरून येती का काय."

पोळीचं काय घेऊन बसलात, असं नाना या वेळी म्हणाले नाहीत. त्यांनी पोतं ओढलं आणि तोंड सोडलं. कारखान्याच्या सुताराकडून करून घेतलेलं पोळपाट-लाटणं. कंदिलाची काच, गवतात गुंडाळलेली. खुंट्या. चाळणी. दर हंगामाला एक एक जमवलेलं. तळाशी फडक्यात बांधलेली पितळेची तोटी, लखलखीत पुसलेली. क्वार्टरातल्या नळाची तोटी लोखंडी असते आणि गळते, म्हणून त्यांनी नगरहून स्वतः आणून ठेवली होती.

पारूबाईंनी ती हातात घेतली, चावी इकडून तिकडे फिरवून पाहिली. "ह्याच्यातनं पडतं व्हय पानी? असं फिरीवलं की?"

"असं फिरीवलं की," नाना म्हणाले. 

वाडीला त्या दिवशी टँकर आला नव्हता. पारूबाईंनी तोटी पदरानं पुसली, देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी नीट ठेवली आणि म्हणाल्या, "हितं ऱ्हाऊ द्या. पाऊस पडू द्या, काम उरकू द्या, मंग बगू. तवर तुमीच येत जावा की. आता कायम झालाव. कायम मानसाला रजा असत्यात म्हनं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच परत निघालो. जामखेड, आष्टी, कडा, चिचोंडी. कंडक्टर उलटी नावं घेत होता आणि नाना डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले.

कारखान्यात आल्यावर ते आधी क्वार्टराकडे गेले, शेवग्याला पाणी घातलं आणि मग स्टोअरमध्ये आले. टेबलावर यादी उघडीच होती. खिडकीशी एक फिटर उभा होता. त्यानं नानांना काही विचारलंच नाही, यादीवर बोट ठेवून मला म्हणाला, "भाऊसाहेब, पाच नंबर, तिसरी फळी." मी सामान काढून दिलं. नाना बघत राहिले.

तो गेल्यावर त्यांनी यादीचं शेवटचं पान उलटलं आणि कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ह्ये भरा आता."

"वाडी? काय लिहू, नाना?"

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, माझ्यापुढं ठेवली. "लिवा. माल पोचला." मी पेन्सिल उचलली तसं म्हणाले, "मानूस मागनं येतंय."

मी "माल पोचला" एवढंच लिहिलं. बाकीचं लिहायला रकान्यात जागा नव्हती.